उलट्या लवेचे पाच पट्टे

चूक सापडली शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता, आणि ती आप्पांना सापडली. गेल्या वर्षापासून आप्पांना तीन हातांपलीकडचं माणूस आवाजावरूनच ओळखावं लागत होतं.

जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला म्हणून ते जिना उतरून खाली कारखान्यात आले. नाट्यगृहाचा पडदा लाकडी दांडीला टांगून ठेवला होता. गर्द लाल मखमल, बारा पट्टे, सोमवारी सकाळी रवाना व्हायचा. आप्पांनी सवयीने तळहात टेकवला आणि भिंतीला हात लावत चालणाऱ्या पोरासारखे पडद्याच्या कडेने निघाले. आठव्या पट्ट्यापाशी थांबले. मागे आले. हात वरून खाली फिरवला, मग खालून वर. उरलेले चारही पट्टे त्यांनी तसेच तपासले. शिवणयंत्रांचा आवाज चालूच होता. आप्पा जिन्याकडे वळता वळता मधल्या मुलाला एवढंच म्हणाले, "सगळे वर या. थोरलीलाही घेऊन ये."

मखमलीला लव असते. लवेच्या दिशेने हात फिरवला तर लोणी, उलटा फिरवला तर मांजराच्या जिभेसारखी खरखर. हाताला जे कळतं तेच दिव्याखाली डोळ्यांना दिसतं: खाली झुकलेली लव फिकी चमकते, वर वळलेली काळपट दिसते. या घरातून बाहेर पडलेला प्रत्येक पडदा तीन पिढ्या खालच्या लवेचाच होता. या बारापैकी पाच पट्ट्यांची लव वर होती. पुढच्या मंगळवारी नाट्यगृहात दिवे लागले असते, तर लाल पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग वाळल्या रक्तासारखा दिसला असता आणि नाटक सुरू होण्याआधी हजार माणसांनी तेच बघितलं असतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाचजण बसले. आप्पा, त्यांची मोठी बहीण म्हणजे आत्या, आणि तीन भावंडं: थोरली, मधला, धाकटी. धाकटी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीत साहेब लोकांना साहेबगिरी शिकवायची आणि दोन दिवसांच्या रजेवर आली होती. तिने चहा ओतला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

"तिसरा तागा," मधला म्हणाला. "गिरणीतून उलटा गुंडाळून आला असणार. पाचही पट्टे त्यातलेच आहेत."

"तागा उलटा आला, मान्य," आत्या म्हणाली. "कापणाऱ्याला हात नव्हते का?"

थोरलीने तोंड उघडलं. गेल्या मंगळवारची सकाळ तिला लख्ख आठवत होती. कापणीचं लांब टेबल, वर पसरलेली मखमल, कात्री हातात घेऊन उभा असलेला मधला. तिने आप्पांसारखाच तळहात कापडावर ठेवला होता आणि आप्पांसारखंच म्हटलं होतं, "काप." त्यावर मधला क्षणभर थांबला होता. जेमतेम एक श्वास. मग त्याने कापलं होतं.

"चूक माझी आहे," मधला म्हणाला. "मी बघायला हवं होतं. कापणारा मी, जबाबदारी माझी."

थोरलीचं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. आपण गप्प बसलो, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण आता बोलायचं तर आधी गप्प का बसलो तेही सांगावं लागणार होतं, म्हणून ती आणखी गप्प बसली.

सहा महिन्यांपूर्वी आप्पांनी कारखान्याची खुर्ची तिला दिली, तेव्हा घराच्या भुवया उंचावल्या होत्या. मधल्यासारखी कात्री पंचक्रोशीत कुणाची नव्हती, आणि ज्याचा हात चांगला त्याचीच खुर्ची, असं सगळे धरून चालले होते. मधलाही. तेव्हापासून तो तिच्याशी दोन शब्दांत बोलत असे. एक "हो ताई", दुसरा "बरं ताई". थोरली मात्र आप्पा व्हायला निघाली होती. सकाळी सातला सगळ्यांच्या आधी हजर. हात पाठीमागे बांधून फेऱ्या. शिवणाऱ्या बायकांबरोबरचा चारचा चहा बंद, कारण आप्पा कधी त्या चहाला बसले नव्हते. आणि मुख्य म्हणजे विचारणं बंद. आप्पांनी आयुष्यात कुणाला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. ते हात ठेवायचे आणि सांगायचे.

"आता हे निस्तरायचं कसं?" आत्याने विचारलं. "उसवून पट्टे उलटे करा."

"कड्या ठोकून झाल्यात," मधला म्हणाला. "वरच्या कडेला पट्ट्यागणिक सहा भोकं. उलटा केला तर ती भोकं खाली येणार. आणि या रंगाचा नवीन तागा मिळायला पंधरा दिवस."

"म्हणजे नाट्यगृहाला सांगावं लागणार."

"नाट्यगृहाला नंतर," धाकटी म्हणाली. "आधी खालच्यांना काय सांगायचं ते ठरवा. पाच वाजता बाराजण घरी जातील, आणि सोमवारी आल्यावर पडदा दांडीलाच बघतील. त्याआधी आपण काहीतरी सांगितलेलं बरं. दादा म्हणतोय त्याची चूक, तर तसंच सांगावं. ताईचं नाव यात येता कामा नये. माणसं नवीन प्रमुखाकडे पहिलं वर्षभर टक लावून बघतात. एकदा का तिला कळत नाही असं वाटलं की संपलं."

"हे तू शिकवतेस?" आत्याने विचारलं.

"हो."

"आणि साहेब लोक ऐकतात?"

"जेवण चांगलं असतं," धाकटी म्हणाली. "म्हणून येतात."

मधला हसला. थोरलीलाही हसू आलं, पण आप्पा खालचा ओठ दाबून बसले होते, म्हणून तिने ते गिळलं.

"पोरगी बरोबर बोलतेय," आत्या म्हणाली. आत्या धाकटीशी सहमत झाल्याचं घराने प्रथमच पाहिलं. "आपल्या बाबांचं वाक्य आहे. मालकाचा हात थरथरला की बारा कात्र्या थरथरतात. मधल्याने घ्यावं अंगावर. त्याचा हात सगळ्यांना ठाऊक आहे, एका चुकीने तो कमी व्हायचा नाही. हिचं तसं नाही. हिची अजून ओली माती आहे."

"मग ठरलं," मधला म्हणाला आणि उठून बाहेर गच्चीत गेला.

थोरली त्याच्या मागे गेली. गच्चीत दोरीवर मखमलीचे नमुने वाळत घातले होते, हातरुमालाएवढे. मधला त्यातला एक बोटांत धरून उभा होता.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मंगळवारी. तू थांबला होतास."

मधल्याने नमुना पुन्हा दोरीवर टाकला, चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आधी वाटलं, तुझं काही गणित असेल. आपण कधी केलं नाही, पण काही नाट्यगृहांना गडद हवं असतं, वरच्या लवेचं. तू हात ठेवून सांगितलंस, म्हणजे बघून सांगितलं असणार." त्याने चिमटा सरळ केला. "मग वाटलं, होऊ दे. बघू दे सगळ्यांना. दोन्ही वाटलं, ताई. एकच सांगितलं तर खोटं होईल."

थोरलीने मान हलवली. तिला राग यायला हवा होता. पण सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी चार वाक्यं बोलला होता, आणि तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

"म्हणून आता अंगावर घेतोयस?"

"तेही आहे. आणि…" तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "माझ्या खोलीच्या खिडकीतून कारखान्याचं दार दिसतं, दारातून कापणीचं टेबल. तू सातला येतेस आणि आठपर्यंत त्या टेबलापाशी एकटी उभी असतेस. काही करत नसतेस. नुसती उभी. मला ते बघवत नाही. एकदा वाटलं, खाली यावं. पण मग तुला वाटलं असतं, हा टपलाच आहे."

"मला तेच वाटलं असतं," थोरली म्हणाली.

"माहितेय."

खालून यंत्रांची घरघर येत होती.

"तू टेबलाशी उभी राहून करतेस तरी काय?" मधल्याने विचारलं.

"पाठांतर. दिवसभरात कुणी काय विचारेल त्याची उत्तरं."

"आणि कुणी विचारतं?"

"नाही," ती म्हणाली. "एकानेही नाही."

ती आत आली तेव्हा आत्या आणि धाकटी नाट्यगृहाला काय कळवायचं याचा मजकूर जुळवत होत्या. आप्पा होते तसेच बसले होते. थोरली बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून तिने सांगितलं, "मधल्याने कापलं ते मी सांगितलं म्हणून. हात मी ठेवला होता. मला लव उलटी लागली नाही. लागली असेल तरी कळली नाही."

"ताई," धाकटी म्हणाली.

"आणि मघाशी तो माझं ओझं उचलत होता तेव्हा मी गप्प बसले. तेही लिहून घे तुझ्या साहेबगिरीच्या पुस्तकात."

मग आप्पांनी समोरचा कप बाजूला सारला.

"हात कसा ठेवलास?"

"म्हणजे?"

"दाखव. या टेबलावर."

थोरलीने लाकडावर तळहात ठेवला. बोटं किंचित पसरलेली, अंगठा आत. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेला हात. आप्पांनी वाकून, डोळे बारीक करून तो न्याहाळला आणि वर स्वतःची दोन बोटं ठेवली.

"बरोबर आहे. मग?"

"मग म्हटलं, काप."

"लगेच?"

"तुम्ही लगेचच म्हणायचात."

आत्याने चहाचा घोट घेतला होता, तिला ठसका लागला. "लगेच? हा?" ती म्हणाली. "अगं, हा हात ठेवून उभा राहिला की माझ्या अर्ध्या कडेची दुमड शिवून व्हायची."

"आत्या, काहीतरीच."

"काहीतरीच कशाला? विचार त्यालाच."

आप्पांनी चष्मा काढला. चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, पण काढण्याची सवय होती.

"मला लव कळायची," ते म्हणाले. "पण प्रत्येक वेळी नाही. कापड थंड असलं की चकवायचं. कधी माझंच डोकं दुसरीकडे असायचं. म्हणून मी हात ठेवून उभा राहायचो. कापड कापण्याआधी टेबलाभोवती पाच-सहा माणसं असतात. जरा वेळ कुणी काही बोललं नाही की माणसांना अवघडतं. खालचे मास्तर खोकायचे. ही आत्या पाय हलवायची. कुणीतरी म्हणायचं, आप्पा, तागा फिरवून घेऊ का? मी म्हणायचो, घे. कुणी काहीच नाही बोललं तर म्हणायचो, काप."

"मी तर कधी कुणाला बोलताना ऐकलं नाही," थोरली म्हणाली.

"तू टेबलाच्या उंचीची होतीस. तुझ्या डोळ्यांसमोर माझा हात असायचा. बोलणं वर चालायचं."

धाकटीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि मग ते बारा कात्र्यांचं वाक्य?" तिने विचारलं.

"माझ्या वडिलांचं. मला पटलेलं कधीच नव्हतं. म्हणायला बरं वाटायचं." पुढचं बोलताना आप्पांनी थोरलीकडे न बघता टेबलावरच्या तिच्या हाताकडे तोंड केलं. "खुर्ची दिली तेव्हाच हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चाळीस वर्षं लोक म्हणाले, आप्पांच्या तळहाताला डोळे आहेत. मलाही ते गोड लागलं होतं. तुला सांगितलं असतं तर ते गेलं असतं. म्हणून तुला नुसता हात दिला, बाळ. सहा महिने तू तो घेऊन एकटी उभी राहिलीस."

थोरलीने हात उचलला नाही. वरची दोन बोटंही तिथेच राहिली.

"आता रडू नका दोघं," आत्या म्हणाली. "चार वाजून गेलेत. पाचला ते लोक जातील."

थोरली जिना उतरू लागली तेव्हा मागून मधला आला. धाकटी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, आमच्या पुस्तकात बाराव्या पानावर लिहिलंय, चूक लगेच कबूल करा. चाळिसाव्या पानावर लिहिलंय, आत्मविश्वास ढळू देऊ नका. मी आजवर मधली पानं कधी शिकवलीच नाहीत." मग तीही खाली आली.

कारखान्यात चारचा चहा संपत आला होता. एकदोन यंत्रं चालू होती, ती थोरलीने बंद करायला सांगितली नाहीत. ती चहाच्या घोळक्यात गेली, तशी बायका उठायला लागल्या.

"बसा," ती म्हणाली. "पडद्याचे शेवटचे पाच पट्टे उलट्या लवेचे आहेत. तिसरा तागा मी बघितला, मला कळलं नाही आणि मी कापायला सांगितलं. चूक माझी."

कुणाचा हात थरथरला नाही. कुणी चकितही झालं नाही. चष्मेवाले मास्तर या कारखान्यात थोरलीच्या जन्माआधीपासून होते. त्यांनी पेला जमिनीवर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "शिवताना लागलं हाताला. बुधवारी."

"बुधवारी?"

"मला गुरुवारी," कड्या ठोकणारी बाई म्हणाली. तिला सगळे कडीवाली म्हणत. "भोकं पाडताना. हिला पण." तिने शेजारणीकडे बोट दाखवलं, आणि शेजारीण पेल्यात बघू लागली.

"मग सांगितलं का नाही कुणी?"

मास्तर मधल्याकडे बघू लागले, मधला छताकडे. शेवटी कडीवालीच बोलली.

"सांगणार कधी, ताई? तुम्ही चहाला येत नाही. बाकीच्या वेळी तुमचे हात पाठीमागे असतात. आम्ही म्हटलं, मोठं नाट्यगृह आहे, काहीतरी विचार असेल."

सकाळी सातला पाठ केलेल्या कुठल्याच उत्तराचा इथे उपयोग नव्हता.

"पडदा सोमवारी जायचा आहे," ती म्हणाली. "काय करायचं, ते मला माहीत नाही. भोकं पाडून झालीत. तुम्हाला काही सुचतंय का?"

आणि ती थांबली. सोपं नव्हतं ते. पहिल्या पाच सेकंदांत तिला नाट्यगृहाला फोन करायचं सुचलं, पुढच्या पाचांत माफी मागायचं, त्यापुढच्या पाचांत वर पळून जायचं. कुणीतरी पेला विसळला. मास्तर खोकले.

"भोकं राहू देत," कडीवाली हळूच म्हणाली.

"राहू देत म्हणजे?"

"खालची दुमड वीतभर आहे. वरची चार बोटं. पट्टा उलटा केला की भोकांची कड खाली जाते, ती वीतभर दुमडीच्या पोटात बसेल. दिसणार नाही. वर नवीन कड्या मी ठोकते."

मधल्याने हवेतच दोन्ही हातांनी पट्टा उलटा करून पाहिला. "लांबी तेवढीच राहते," तो म्हणाला. "अरे, खरंच तेवढीच राहते. पण जुन्या दुमडीची रेघ वर येईल."

"वाफ देऊ," मास्तर म्हणाले.

"मखमलीची रेघ वाफेने पूर्ण जात नाही, मास्तर."

"पूर्ण कुठे म्हणतोय मी? उरेल ती चुण्यांत जाईल. आणि तिथे वर नाट्यगृहाची झालर येते. शिडी लावून बघायला कोण येतंय?"

"उद्याचा रविवार लागेल," शेजारीण म्हणाली. "मला दुपारी यावं लागेल, सकाळी पोराची परीक्षा आहे."

"दुपारी या," थोरली म्हणाली. "ज्यांना जमेल त्यांनी या. नाही जमलं तर नाही."

एव्हाना कारखान्यातल्या तिघांनी पडदा दांडीवरून उतरवायला घेतला होता. आत्या जिना उतरत होती, तिचा हात धरून आप्पा, की त्यांचा हात धरून ती, हे कळत नव्हतं. धाकटीने बाह्या सरसावल्या आणि कुणी काम सांगेल याची वाट बघत उभी राहिली. मास्तरांनी तिच्या हातात केरसुणी दिली. कापड जमिनीवर उतरणार होतं, जमीन स्वच्छ हवी होती. साहेबांना शिकवणाऱ्या बाईंनी मुकाट्याने झाडायला घेतलं.

लाल मखमल जमिनीवर पसरली. थोरली मांडी घालून आठव्या पट्ट्याशी बसली, ब्लेड घेतलं आणि शिवणीचा पहिला टाका शोधला. मखमल तिने वीस वर्षांत उसवली नव्हती. दोन टाके कापले आणि दोरा ओढला, तशी लव उपटून बोटाला चिकटली.

"तिकडून नाही, ताई," कडीवाली पलीकडून म्हणाली. "खालच्या टोकाने सुरू करा. नाहीतर सगळी टकली कराल."

बाजूच्या दोघी हसल्या. थोरलीने पट्टा फिरवून घेतला.